पाण्यातलं युरेनियम आणि चिखलातले जिवाणू

भात घरात आलं, झोडणी उरकली, आता जरा निवांत असाल असं धरून चालते. आजचा विषय नावाला जड आहे, पण तो आपल्याच बैठकीतून निघाला, म्हणून रेडिओ बंद करू नका.

गेल्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ सालची गोष्ट. एका वाडीवर बचत गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले आणि उठता उठता एका ताईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर बातमी होती, ‘आईच्या दुधात युरेनियम’. खाली लाल अक्षरांत कुणीतरी स्वतःचं काहीबाही जोडलेलं होतं. सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. मी म्हटलं, “अगं, ती बिहारची बातमी आहे, आपल्याला काय त्याचं? चला, प्रोसिडिंग लिहू.” आणि विषय मिटवला.

त्या बैठकीत मांडीवर चार महिन्यांचं बाळ घेऊन एक सून बसली होती. ती काहीच बोलली नाही. चौथ्या दिवशी आशाताईंचा फोन आला. त्या पोरीने बाळाला अंगावर पाजणं बंद केलं होतं. डब्यातली पावडर आणली होती आणि ती बोअरच्या पाण्यात कालवून बाटलीने देत होती. भीतीपोटी. मी जर त्या दिवशी दोन मिनिटं थांबून नीट बोलले असते तर हे झालं नसतं. पण मला तेव्हा बोलण्यासारखं काही माहीतच नव्हतं. ‘आपल्याला काय त्याचं’ असं आपण बहुधा माहिती नसली की म्हणतो.

मग मी वाचायला लागले. मी बी. ए. झालेली, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की युरेनियमच्या गोष्टीत बॉम्ब आणि अणुभट्टी सोडूनही एक भाग आहे, आणि तो आपल्या भाताच्या खाचरातल्या चिखलाचा आहे. तोच आज सांगते.

आधी ती बातमी निस्तरू. बिहारमधल्या सहा जिल्ह्यांतल्या ४० स्तनदा मातांच्या दुधाचे नमुने तपासले होते. सगळ्या नमुन्यांत युरेनियम सापडलं, हे खरं आहे. सगळ्यात जास्त निघालं ते लिटरला ५.२५ मायक्रोग्रॅम. आता पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी मर्यादा सुचवली आहे ती लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या देशाचं मानकही तेच आहे. ३० मायक्रोग्रॅम म्हणजे पाण्याच्या शंभर कोटी भागांत तीस भाग. पाण्याची मर्यादा दुधाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे कबूल. पण ज्यांनी तो अभ्यास केला त्यांनीच सांगितलं होतं की यावरून कुणीही अंगावर पाजणं थांबवू नये. ते वाक्य आमच्या मोबाईलवर आलेल्या बातमीत नव्हतं. लाल अक्षरं तेवढी होती.

आता युरेनियम म्हणजे काय ते पाहू. हा एक धातू आहे, लोखंडासारखाच, पण फार जड. तो कुणी कारखान्यात बनवलेला नाही. पृथ्वी झाली तेव्हापासून तो खडकांत आहे. त्यातून किरण निघतात आणि तो हळूहळू झिजतो. पण इतका हळू, की आज आहे त्याच्या निम्मा व्हायला जवळजवळ ४५० कोटी वर्षं लागतात. थोडक्यात, तो आपल्या हयातीत कुठे जाणार नाही. पाण्यातून पोटात गेला तर त्यातला बराचसा शौचावाटे निघून जातो, रक्तात थोडाच मिसळतो. जो मिसळतो त्याचा त्रास मुख्यतः मूत्रपिंडाला होतो. लोक किरणांना घाबरतात, पण पिण्याच्या पाण्यातलं युरेनियम आधी विष म्हणून त्रास देतं, किरणांचा नंबर नंतरचा.

हा धातू मातीत दोन तऱ्हेने राहतो. एका रूपात तो मिठासारखा पाण्यात विरघळतो. पाणी जाईल तिकडे तोही जातो, विहिरीत, बोअरमध्ये, हंड्यात. दुसऱ्या रूपात तो वाळूसारखा असतो. विरघळत नाही, जागच्या जागी बसून राहतो, पाणी त्याच्यावरून वाहून जातं. धातू तोच, फक्त रूप वेगळं. आणि या रूपातून त्या रूपात त्याला ढकलण्याचं काम बऱ्याच वेळा मातीतले जिवाणू करतात. एवढं एक कळलं तरी पुढचं सगळं सोपं आहे.

जिवाणू म्हटलं की आपल्याला रोगराई आठवते. पण बीजमाता राहीबाईंच्या तालुक्यात मी वेगळं काय सांगणार? विरजणात जिवाणू आहेत, शेणखतात आहेत, तुम्ही ड्रममध्ये ढवळता त्या जीवामृतात कोट्यवधी आहेत. त्यांना दोनच गोष्टी लागतात, खायला काहीतरी आणि श्वास घ्यायला काहीतरी. आपण श्वासाला हवा वापरतो. पण जिथे हवा पोचत नाही तिथे काय करायचं?

इथे खाचरात चला. आवणीनंतर दीड-दोन महिने खाचर पाण्याखाली असतं. चिखलात खोल हात घातला तर आतली माती काळपट-निळसर लागते, वास येतो. भाताचं रोप उपटलं तर मुळांवर तांबूस गंज चढल्यासारखा थर असतो. हे आपण लहानपणापासून बघतो, कधी विचारलं नाही की असं का. तर त्या चिखलात हवा नसते, म्हणून तिथले काही जिवाणू हवेऐवजी मातीतल्या लोखंडाच्या गंजावर श्वास घेतात. तसं केलं की गंजाचं लोखंड विरघळतं आणि मातीचा तांबडेपणा जातो. भाताच्या मुळांतून थोडी हवा बाहेर झिरपते, तिथे तेच लोखंड पुन्हा गंजून मुळाला चिकटतं. म्हणून चिखल काळा आणि मूळ तांबडं.

अमेरिकेत पोटोमॅक नावाची नदी आहे. तिच्या गाळात डेरेक लव्हली नावाच्या शास्त्रज्ञाला १९८७ च्या सुमाराला असाच लोखंडावर श्वास घेणारा जिवाणू सापडला. त्याच्या जातीला पुढे जिओबॅक्टर हे नाव मिळालं. या जातीचे जिवाणू जगभरच्या भातखाचरांच्या चिखलातही असतात. १९९१ साली लव्हलींनी दाखवलं की हाच जिवाणू लोखंडासारखाच युरेनियमवरही श्वास घेतो. आणि तसं केलं की विरघळलेलं युरेनियम न विरघळणारं होतं. मिठाची वाळू होते म्हणा ना. पाण्यातून निघून ते गाळात बसतं.

आता तुम्ही म्हणाल, झालं तर मग, सोडा जिवाणू आणि करा पाणी स्वच्छ. तसा प्रयोगही झाला. अमेरिकेतच कोलोराडो राज्यात रायफल नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी युरेनियमच्या दगडाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, पण जमिनीखालच्या पाण्यात युरेनियम राहिलं. २००२ साली तिथल्या जमिनीत नळ्या घालून ॲसिटेट सोडलं. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचा क्षार. तो जिओबॅक्टरचा आवडता खुराक. बाहेरून जिवाणू आणावे लागले नाहीत, ते तिथे होतेच, नुसते उपाशी होते. खुराक मिळाला तशी त्यांची संख्या वाढली आणि पाण्यातलं युरेनियम झपाट्याने उतरलं.

पण पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साधारण ५० दिवसांनी तिथलं वापरता येण्याजोगं लोखंड संपत आलं. जिओबॅक्टर मागे पडले, दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजले. ते खुराक खात होते, पण युरेनियमचं काम तितकंसं करत नव्हते. युरेनियम पाण्यात पुन्हा चढायला लागलं. विरजण लावून भांडं विसरलं की त्यात भलतंच काही वाढतं, तसं. जिवाणू आपले नोकर नाहीत. त्यांना आपण पोसू शकतो, हुकूम देऊ शकत नाही.

उलटं काम करणारे जिवाणूही आहेत. काही खाणींतल्या दगडात लोखंड आणि गंधक एकत्र असतं. त्यावर जगणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दगडातलं युरेनियम विरघळून बाहेर येतं. कॅनडात एलियट लेक भागातल्या खाणींत याच जिवाणूंना कामाला लावून दगडातून युरेनियम धुऊन काढत असत. खाणवाल्याला ते हवंच असतं. पण खाण बंद पडल्यावरही ते जिवाणू तिथल्या ढिगाऱ्यात तेच काम करत राहतात, आणि तेव्हा ते पाणी कुणाच्या तरी ओढ्याला मिळतं.

आता आपल्या महाराष्ट्रात या. मुंबईत तुर्भ्याला, ज्याला सगळे ट्रॉम्बे म्हणतात, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे अणुभट्ट्यांचं काम चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे जीवशास्त्राचाही मोठा विभाग आहे, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर वीस वर्षांहून जास्त काळ काम केलं आहे. अणुकामातून जे पाणी उरतं त्यात युरेनियम थोडं आणि पाणी फार, अशी स्थिती असते. ते थोडं कसं वेगळं करायचं, हा त्यांचा प्रश्न.

त्यांनी एक भलताच चिवट जिवाणू निवडला. त्याची कथा गमतीची आहे. १९५६ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आर्थर अँडरसन नावाचे संशोधक मांसाचे बंद डबे टिकवण्यासाठी त्यांना गॅमा किरणांचा मारा देऊन बघत होते. इतक्या किरणांत काहीच जिवंत राहायला नको होतं. तरी एक डबा नासला. आत एक लालसर रंगाचा जिवाणू आरामात वाढला होता. त्याचं नाव डायनोकॉकस रेडिओड्युरान्स. माणूस ज्या किरणांनी दगावेल त्याच्या हजारपट किरण हा सहन करतो. त्याचे जनुकांचे धागे तुटतात, पण तो ते पुन्हा जोडून घेतो, गोधडी शिवावी तसे.

चिवट असला तरी युरेनियम पकडण्याचं काम तो स्वतः फारसं करत नव्हता. मग डॉ. श्री कुमार आपटे, दीप्ती अप्पुकुट्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यात एका दुसऱ्या जिवाणूचं जनुक घातलं. आणि तो दुसरा जिवाणू कोणता म्हणाल? टायफॉइडचा. दचकू नका, त्यातला रोगाचा भाग घेतला नव्हता. घेतलं ते फक्त एक जनुक, जे फॉस्फेट मोकळं करणारं विकर बनवतं. मोकळं झालेलं फॉस्फेट विरघळलेल्या युरेनियमला पकडतं आणि दोन्ही मिळून न विरघळणारा साका तयार होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, मग गाळ एकत्र होऊन खाली बसतो. काम त्याच जातीचं, फक्त इथे जिवाणू स्वतःच्या अंगावर तो साका जमवतो. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की प्रयोगशाळेतल्या द्रावणातलं ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम या जिवाणूने सहा तासांत खाली बसवलं, आणि भरपूर किरणांचा मारा दिल्यावरही त्याचं काम चालू राहिलं. पुढे तेच जिवाणू सुकवून भुकटी करून ठेवले, तरी ते कामाला येतात हेही दाखवलं. आपण आंबोशी करून ठेवतो ना, तसं.

या रीतीचा एक फायदा रायफलच्या रीतीपेक्षा जास्त आहे. तिथे हवा बंद ठेवावी लागते, हवा लागली की बसलेलं युरेनियम पुन्हा विरघळतं. फॉस्फेटबरोबर बसलेलं मात्र हवेने उठत नाही. उणीव अशी की असे जनुक बदललेले जिवाणू कुणी उठून ओढ्यात सोडू शकत नाही. त्यासाठी देशात १९८९ पासून नियम आहेत, सरकारी समितीची परवानगी लागते, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. बंद टाकीत एखादं काम करून घेणं वेगळं आणि उघड्या रानात सोडणं वेगळं. बीटी कापसावरून झालेले वाद आपण ऐकलेले आहेत.

म्हणून त्याच केंद्रातलं दुसरं एक काम मला जास्त जवळचं वाटलं. निळं-हिरवं शेवाळ तुम्हाला माहीत आहे. भातखाचरात नत्र मिळावं म्हणून कृषी खात्याचे लोक वापरायला सांगतात, ते. नावात शेवाळ असलं तरी तेही एक प्रकारचे जिवाणूच, उन्हावर जगणारे. त्यात ॲनाबीना नावाची जात आहे. डॉ. सेलिन आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की या ॲनाबीनाचा एक प्रकार पाण्यातलं युरेनियम स्वतःच्या अंगावर धरून ठेवतो. तिथेही फॉस्फेटचाच हात असतो. यात जनुक बदललेलं नाही, मूळचाच जीव आहे. आपल्या खाचरात त्याचेच भाऊबंद बसलेले असतात आणि आपल्याला वाटतं नुसती बुळबुळ झालीय.

आचार्यांच्या गटाने मेघालयातल्या विद्यापीठाबरोबर डोमियासियाट इथल्या मातीतलेही जिवाणू तपासले. मेघालयाच्या पश्चिम खासी डोंगरात डोमियासियाट आहे. तिथे जमिनीत युरेनियमचा साठा आहे, पण खाण झालेली नाही. खडकातच युरेनियम असलेल्या त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जिवाणूंना युरेनियम सोसायची आणि धरून ठेवायची सवयच लागलेली आढळली. आणि खाण का झाली नाही? त्यातलं एक नाव बायकांनी ऐकायला हवं, स्पेलिटी लिंगडोह लांगरिन. या आजींनी आपली जमीन खाणीसाठी भाड्याने द्यायला नकार दिला. पैसे मोठे होते, तरी नाही म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या. २०२० साली त्या वारल्या. त्यांना जिवाणूंचं काही माहीत नसेल, पण जमिनीत जे बसलेलं आहे ते बसू द्यावं, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं. विजेसाठी युरेनियम लागतं, ते कुठून तरी काढावंच लागणार, हेही मला कळतं. झारखंडात जादुगुड्याला ते काढतातच. पण ज्यांच्या दाराशी त्याचा गाळ साठतो त्यांना विचारलं जातं का, हा प्रश्न उरतोच.

आता शेवटचा भाग, आणि इथूनच तो आपल्या घरात शिरतो. जिवाणूंनी बसवलेलं युरेनियम पुन्हा कशाने उठतं? एक कारण हवा. पाण्याची पातळी खाली गेली की जिथे पूर्वी पाणी होतं तिथे हवा शिरते. दुसरं कारण नायट्रेट. हा शब्द लक्षात ठेवा. युरियाचा जो भाग पिकाने घेतला नाही, उकिरड्यातून जे झिरपलं, शोषखड्ड्यातून जे उतरलं, ते मातीत नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं. खाली हवा नसलेल्या जिवाणूंना हे नायट्रेट म्हणजे श्वासासाठी मेजवानी. लोखंडापेक्षा, युरेनियमपेक्षा त्यांना ते सोपं पडतं. ते नायट्रेटवर श्वास घेतात, आणि त्या कामात जे पदार्थ तयार होतात ते बसलेल्या युरेनियमला पुन्हा विरघळवतात. वाळूचं पुन्हा मीठ.

अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या कॅरी वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ साली तिथल्या दोन मोठ्या शेतीप्रदेशांतल्या भूजलाची माहिती तपासली. जिथे पाण्यात युरेनियम जास्त, तिथे बहुतेक ठिकाणी नायट्रेटही जास्त होतं. म्हणजे युरेनियम खडकातलंच, आधीपासूनचं, पण त्याला उठवायला शेतातलं खत गेलं होतं. आपल्या देशात राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरींच्या पाण्यावर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हेच म्हटलं आहे की मूळ कारण खडक, पण पातळी खाली जाणं आणि नायट्रेट यांनी भर पडते. देशात युरेनियम जास्त सापडतं ते मुख्यतः राजस्थान आणि पंजाबमध्ये.

मग आपलं अकोले? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत, प्रवरेपासून मुळेपर्यंत सगळा ज्वालामुखीच्या लाव्हाचा खडक. महाराष्ट्राचा बराचसा भाग याच खडकाचा. यात युरेनियम फारच थोडं असतं, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कमी. पूर्व विदर्भातला खडक वेगळा, जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांनी पाण्याच्या तपासणीत युरेनियमचं विचारावं. आपल्या वाडीवरच्या त्या सुनेला मात्र युरेनियमला घाबरायचं काही कारण नव्हतं.

तिला घाबरायला हवं होतं ते त्या बाटलीला. कारण नायट्रेट आपल्याकडे आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. आपल्या खडकात उठवायला युरेनियम नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट स्वतःच त्रास देतं. बाळाच्या रक्ताची हवा वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात बोअरचं पाणी जातच नाही. बाटलीने पावडर दिली की सरळ तेच पाणी जातं. त्या पोरीने बिहारच्या पाण्यापासून बाळाला वाचवायचं म्हणून दाराशीच्या बोअरचं पाणी पाजलं.

आणि पाणी उकळलं म्हणजे झालं, हे इथे चालत नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, युरेनियमही मरत नाही. वाफ निघून जाते, पाणी आटतं, आणि ते उलट दाट होतं. तुरटीने नायट्रेट बसत नाही. आरओने दोन्ही कमी होतात, पण आरओचं जे पाणी वाया जातं त्यात ते साठलेलं असतं. ते परत विहिरीच्या कडेला सोडलं तर फिरून तेच. विहिरीपासून उकिरडा आणि शोषखड्डा लांब ठेवणं, युरिया एकदम न टाकता पिकाला लागेल तसा थोडा थोडा टाकणं, हे त्यापेक्षा स्वस्त आहे.

आशाताई आणि मी त्या घरी गेलो. सासूबाई दारातच म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं नाही त्या दिवशी.” बरोबर होतं त्यांचं. बाळ ठीक होतं. दोन दिवस चिडचिड करत होतं, मग पुन्हा अंगावर प्यायला लागलं. दूध जरा कमी झालं होतं, ते आठवड्याभरात वाढलं. मी त्यांच्या ओट्यावर बसून पाण्याची तपासणी केली. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे, आणि तपासणीची पेटी ग्रामपंचायतीत असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कुलपात असते, हे मी पाहिलेलं आहे. त्यात नायट्रेटची बाटली असते. नळीत पाणी घ्यायचं, औषध घालायचं, सांगितलेला वेळ थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. युरेनियम त्या पेटीत कळत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. तशी यंत्रं इंदूरच्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रात बनवलेली आहेत. त्या दिवशी ओट्यावर रंग आला तो ४५ च्या वरचा. त्याच वाडीच्या वरच्या अंगाच्या झऱ्याचं पाणी तपासलं, तो रंग अगदी फिका. बोअर उकिरड्याच्या खालच्या बाजूला आहे आणि झरा डोंगराच्या कुशीत आहे.

पेटीतली औषधं कधीपर्यंत चालतात ते बाटलीवर लिहिलेलं असतं, वापरण्याआधी वाचा. तारीख उलटली असेल तर ग्रामसेवकांना लेखी सांगा, तोंडी सांगितलेलं राहून जातं. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक वाडीवरून एकेक बाटली पाणी आणा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, आणि वर चिकटपट्टी लावून लिहायचं: वाडीचं नाव, विहीर की बोअर की झरा, जवळपास उकिरडा किंवा संडासाचा खड्डा किती पावलांवर आहे, आणि भरलेली तारीख. लहान बाळ घरात असेल त्यांनी ते वेगळं लिहा, त्यांची बाटली आधी तपासू. अधिकृत तपासणीसाठी नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायचे असतील तर ग्रामपंचायतीमार्फत द्या, पावती घ्या आणि ती गटाच्या फाईलला लावा.